रानवाटेवरची शर्यत : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

खानापूर, जांबोटी, कणकुंबी आणि चंदगडच्या सीमेलगतच्या गावांमधून रानवाटेवरच्या लहान शर्यतींबद्दल बरेच प्रश्न आले. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. ज्यांनी अशा शर्यतींची आखणी केली आहे आणि ज्यांना रानाची माहिती आहे, अशांनी उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या गावातलं तरुण मंडळ जांबोटी भागात १५ किलोमीटरची रानवाटेची शर्यत घ्यायचं म्हणतंय. साठेक जण धावतील. महिना कुठला धरावा आणि परवानगी कुणाची घ्यावी? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : महिना आधी ठरवा, कारण त्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. जून ते सप्टेंबर हा विचार सोडून द्या. वरच्या अंगाला पाऊस झाला की कोरडा दिसणारा ओढा तासाभरात कमरेएवढा होतो. ऑक्टोबरात गवत छातीला लागतं, वाट दिसत नाही आणि पायाखाली काय आहे तेही कळत नाही. नोव्हेंबरात भाताची सुगी चालू असते. ज्या माणसांच्या जिवावर तुम्ही शर्यत उभी करणार, ती सगळी खळ्यावर असतात. मार्चपासून ऊन आणि वणवे वाढतात. डिसेंबरचा पहिला आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा आपल्याकडचा खरा हंगाम.

वाट निवडताना ती भीमगड अभयारण्याच्या हद्दीत शिरत नाही ना, हे आधी वनखात्याच्या नकाशावर पाहून घ्या. अभयारण्यात शिरायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वेगळी परवानगी लागते आणि गर्दीच्या कार्यक्रमासाठी ती मिळेल असं धरून चालू नका. राखीव जंगलातून जायचं असेल तर अर्ज वलय अरण्याधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपण ज्यांना आरएफओ म्हणतो त्यांच्याकडे, किमान दोन महिने आधी द्या. अर्ज कन्नडमध्ये लिहा. वाटेचा नकाशा, धावणाऱ्यांची संख्या, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, कचरा कोण उचलणार, एवढं त्यात स्पष्ट असावं. ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणं यांनाही पत्र द्या. वाट कुणाच्या मालकीच्या काजूबागेतून किंवा शेतातून जात असेल, तर मालकाच्या घरी जाऊन बोला. पत्रावर भागत नाही.

आमचं मत असं, की पहिल्या वर्षी गायरान, गाडीवाट आणि गावची वहिवाटीची पायवाट एवढ्यावरच १० किलोमीटर बसवा. दाट रानात शिरल्याशिवाय शर्यत रानवाटेची होत नाही, हा गैरसमज आहे. चढ, दगड आणि ओढे गावाच्या शिवारातही भरपूर आहेत.

आणखी एक. सडकेवरच्या शर्यतीसारखी पहाटे साडेपाचला शिट्टी मारू नका. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. उजाडताना अस्वलं आणि गवे वाटांवर असतात. सव्वासातला सोडा.

प्रश्न : गेल्या वर्षी आमच्या शर्यतीत आठ-दहा पोरं वाट चुकून भलत्याच वाडीत जाऊन पोचली. फिती तर आम्ही सगळीकडे बांधल्या होत्या. चूक कुठं झाली असेल? (एक वाचक, चंदगड सीमा)

उत्तर : ‘सगळीकडे’ बांधल्या तरी फाट्यावर बांधल्या का, आणि फाट्यानंतर बांधल्या का, हे महत्त्वाचं. माणूस सरळ वाटेवर चुकत नाही, तो फाट्यावर चुकतो. शिवाय धावणाऱ्याची नजर पुढच्या तीन-चार पावलांवर असते. डोक्यावरच्या फांदीला बांधलेली फीत त्याला दिसतच नाही. फीत कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत हवी.

फाट्यावर असं करा. फाट्याच्या वीस पावलं आधी एकाच जागी दोन फिती, म्हणजे ‘सावध, वळण येतंय’. वळणावर जमिनीवर चुन्याचा बाण, हातभर लांब. वळल्यावर तीस ते चाळीस पावलांत एक फीत, म्हणजे ‘बरोबर आलात’. आणि चुकीच्या वाटेवर आडवी चुन्याची रेघ ओढून तिच्यावर वाळक्या फांद्या टाका. यातली शेवटची दोन कामं बहुतेक मंडळं करत नाहीत, आणि चुकामूक तिथेच होते. सरळ वाटेवर दर शंभर मीटरला एक फीत पुरे. धावणाऱ्यांना सुरुवातीलाच सांगा : पाच मिनिटं फीत दिसली नाही तर पुढे जाऊ नका, शेवटच्या फितीपर्यंत मागे या.

हिशेब करायचा तर १५ किलोमीटरला सरळ वाटेच्या १५० फिती. चाळीस फाटे धरले तर प्रत्येकी तीन, म्हणजे १२०. पडझडीला चाळीस. एकूण ३१०, प्रत्येक ४० सेंटिमीटरची. म्हणजे १२४ मीटर कापडी पट्टी लागेल. शिंप्याकडच्या कातरणातून निघाली तर उत्तम. रंग गडद गुलाबी किंवा निळा घ्या. लाल फीत आपल्या तांबड्या मातीत आणि वाळल्या पानांत हरवते, हिरवी तर दिसतच नाही, आणि भगवी देवाच्या झाडालाही बांधलेली असते. प्लॅस्टिक नको, गुरं खातात. बाणासाठी पीठही वापरू नका. मुंग्या आणि गुरं सकाळपर्यंत बाण पुसून टाकतात.

फिती आदल्या दिवशी दुपारनंतर बांधा. गुराखी पोरं आणि माकडं काही फिती काढणारच, म्हणून शर्यतीच्या दिवशी दोघांनी उजाडल्याबरोबर, पहिल्या धावपटूच्या पाऊण तास पुढे, संपूर्ण वाटेने जाऊन सुटलेल्या फिती बांधाव्यात. एक परीक्षा जरूर घ्या : ही वाट कधीच न पाहिलेल्या माणसाला आदल्या संध्याकाळी एकटं सोडा आणि मागून गुपचूप चाला. तो जिथे थबकतो, तिथे तुमची खूण कमी आहे. वाट माहीत असलेल्या माणसाला खुणा पुरेशाच वाटतात. झाडाला खिळा मारू नका, खडकाला रंग लावू नका. शर्यत संपली की फिती मोजून परत आणा.

प्रश्न : रानात मोबाईलला रेंज नाही. सगळे परत आले की नाही हे कसं ओळखायचं? (एक वाचिका, कणकुंबी भाग)

उत्तर : रानवाटेच्या शर्यतीत जिंकणाऱ्याचा वेळ चुकला तर फार तर भांडण होईल. मोजणी चुकली तर माणूस रानात राहील. म्हणून सगळ्यात विश्वासू माणूस शेवटच्या रेषेवर नको, मोजणीवर ठेवा.

नाव नोंदवलेले आणि प्रत्यक्ष धावायला उभे राहिलेले हे आकडे कधीच जुळत नाहीत. म्हणून छातीवरच्या नंबराच्या कागदाला खाली फाडता येणारी चिठ्ठी ठेवा. सुरुवातीच्या दोरीतून आत येतानाच ती फाडून डब्यात टाकायची. डब्यातल्या चिठ्ठ्या, तेवढीच माणसं रानात. वाटेत दोन किंवा तीन ठाणी ठेवा आणि प्रत्येक ठाण्यावर दोघं बसवा : एकाने नंबर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नंबर आणि वेळ वहीत लिहायची. एकटा माणूस पाणीही देतो आणि नंबरही लिहितो, तिथे पाच-सहा नंबर हमखास गळतात.

सगळ्यात शेवटी दोन शेपटीवाले चालतात. त्यांच्यामागे कुणी नसतो. ते ठाण्यावर पोचले की ठाण्याची वही मागच्या ठाण्याच्या वहीशी जुळवायची, आणि ती जुळल्याशिवाय ठाणं उठवायचं नाही. धावणं अर्धवट सोडून कुणाच्या तरी दुचाकीवरून परस्पर घरी जाणारे सर्वांत जास्त घोळ घालतात. सोडणाऱ्याने आपला नंबर ठाण्यावर देऊनच जायचं, हा नियम सुरुवातीला मराठीत आणि कन्नडमध्ये दोनदा सांगा.

रेंज पूर्ण वाटेवर नसली तरी एखाद्या माळावर, एखाद्या वळणावर असतेच. वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं असलेले दोघं आधी वाट चालून या आणि नकाशावर त्या जागा मांडा. ठाणी शक्यतो तिथेच बसवा. बाकी ठिकाणी निरोप्या आणि दुचाकी.

वेळेची मर्यादाही मोजणीचाच भाग आहे. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही कामाचा आहे : चालताना दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमच्या १५ किलोमीटरात एकूण ६०० मीटर चढ असेल तर चार तास होतात. सव्वासातला सोडलं तर सव्वाअकराला वाट बंद. आठव्या किलोमीटरपर्यंत ४०० मीटर चढ येत असेल तर तिथली मर्यादा सव्वादोन तास. त्यानंतर आलेल्याला प्रेमाने पण ठामपणे थांबवा. उन्हात, थकलेल्या पायांनी, उताराला जाणारा माणूसच पडतो.

प्रश्न : पाणी किती न्यायचं? ग्लुकोज पावडर चालेल का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : प्रत्येक धावपटूकडे स्वतःची अर्ध्या लिटरची बाटली सक्तीची करा. बाटली नाही तर नंबर नाही. पाचव्या आणि दहाव्या किलोमीटरला पाणी ठेवा. साठ जणांना अर्धा-अर्धा लिटर म्हणजे ३० लिटर, वर दीडपटीने ४५. म्हणजे प्रत्येक जागी २० लिटरचे तीन जार. दोनात भागेल असं वाटतं, पण जखमा धुवायला, डोक्यावर ओतायला आणि ठाण्यावरच्या माणसांना पाणी लागतंच. कागदी पेले ठेवू नका, तांब्याने बाटली भरून द्या.

नुसत्या ग्लुकोजपेक्षा ओआरएस बरं, पण पाकिटावर लिहिलेलं वाचा. एक लिटरचं पाकीट एका पेल्यात कालवून देणं ही नेहमीची चूक आहे. इतक्या खारट पाण्याने तहान वाढते आणि उलटी होते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलट नुसतं पाणी लिटरच्या लिटर ढोसणंही वाईट, रक्तातलं मीठ कमी होऊन माणूस गोंधळतो. खायला केळी, गूळ-शेंगदाणे आणि उकडलेली रताळी. रताळी तर आपल्याच मातीतली आहेत. ओढ्याचं पाणी पिऊ देऊ नका.

प्रश्न : मी सडकेवर १० किलोमीटर तासाभरात धावते. रानवाटेसाठी बूट वेगळे लागतात का? तयारी काय करू? (एक वाचिका, बेळगाव)

उत्तर : तळाला चार ते पाच मिलिमीटरचे दाते असलेले बूट घ्या, नेहमीपेक्षा अर्ध्या मापाने मोठे. उतारावर पंजा पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख काळं पडतं, ते त्याने टळतं. आपल्याकडचा जांभा दोन प्रकारे फसवतो : सुटे खडे पायाखाली गोळ्यांसारखे घरंगळतात, आणि दवाने भिजलेल्या सड्यावर शेवाळ असेल तर कुठलाच बूट धरत नाही. तिथे चालायचं. कुसळं मोज्यात घुसून धावणं बंद पाडतात, म्हणून घोट्यावर गुळगुळीत कापडाचं आवरण घाला, लोकरी मोजे नकोत.

अंतरापेक्षा वेळेचा सराव करा. सडकेवरचा तास रानवाटेवर दीड तास होतो, चढ जास्त असेल तर त्याहून अधिक, आणि त्यात काही बिघडलेलं नाही. राजहंसगडाचा किंवा वैजनाथच्या डोंगराचा चढ आठवड्यातून एकदा, चढताना चालत आणि उतरताना धावत. उताराला पावलं लहान आणि भराभर टाका, गुडघे किंचित वाकलेले, अंग मागे रेलू देऊ नका. मागे रेललं की टाच घसरते. पहिले दोन महिने उताराचा वेग वाढवू नका. मांडीच्या पुढच्या स्नायूंना उताराची सवय हळूहळूच होते.

प्रश्न : गोचिडी, साप, अस्वल यांची भीती घरची माणसं घालतात. खरंच काय काळजी घ्यावी? (एक वाचक, नंदगड भाग)

उत्तर : घरच्यांची भीती अगदीच वायफळ नाही. गोचिडीपासून सुरुवात करू. क्यासनूर जंगलाचा ताप, म्हणजे माकडताप, १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेला आणि तो सह्याद्रीच्या आपल्या पट्ट्यातही आला आहे. वाटेच्या आसपास मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला कळवा आणि तो भाग शर्यतीतून काढा. पाचोळ्यावर बसू नका. परतल्यावर गरम पाणी आणि साबणाने अंघोळ करा; काखा, कंबर, गुडघ्यामागची बाजू तपासा; कपडे लगेच धुवा. पुढच्या आठवड्याभरात एकदम ताप, कपाळ ठणकणं, अंग मोडून येणं असं झालं तर डॉक्टरांना ‘मी रानात गेलो होतो’ हे आपणहून सांगा.

साप चावला तर आवळपट्टी बांधू नका, कापू नका, चोखू नका. हाडाला मार लागल्यावर जशी फळी बांधतात तशी बांधून हात-पाय हलू न देता उचलून न्या. सापाचं औषध जवळच्या कुठल्या दवाखान्यात आहे हे शर्यतीच्या आठवड्यात जाऊन विचारून या. ‘असतं’ या उत्तरावर थांबू नका, ‘आज आहे का’ विचारा. १०८ ची गाडी पायवाटेवर येत नाही. दोन वेळू आणि जाड घोंगडं प्रत्येक ठाण्यावर ठेवा. सहा माणसं आळीपाळीने वाहून नेतात तेव्हा वेग ताशी दोन किलोमीटरही पडत नाही, म्हणून वाटेवरची कुठलीही जागा जीपच्या रस्त्यापासून दोन किलोमीटरपेक्षा लांब नको. वाट आखताना हीच कसोटी लावा, बाकीच्या सगळ्या नंतर.

अस्वल आणि गवा माणसाची चाहूल लागली की बहुतेक वेळा बाजूला होतात. म्हणून कानात गाणी लावायला बंदी घाला आणि वळणांवर आवाज करत जा. समोर आलाच तर थांबा, पाठ न फिरवता मागे सरा, त्याला वाट द्या. हत्ती त्या आठवड्यात आसपास आहेत अशी बातमी असेल तर शर्यत पुढे ढकला, तिथे दुसरा उपाय नाही. आग्या मोहोळ कुठल्या कड्यावर, कुठल्या झाडावर आहे हे आदल्या आठवड्यात पाहून वाट वळवा. त्याखाली धूर, अत्तर, फटाके काही नको. माशा उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका, तोंड झाकून लांब पळा.

यात एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. रानडुकरं येऊ नयेत म्हणून शेताला लावलेली झटक्याची तार. काही ठिकाणी ती रात्रीच नव्हे, सकाळीही चालू असते. शेतमालकाला भेटून त्या दिवशी सकाळी सहापासून दुपारपर्यंत ती बंद ठेवायला सांगा, आणि धावपटू सोडण्याआधी आपला माणूस तिथे उभा करा.

प्रश्न : वेळ मोजायला चिप लागेल का? बक्षिसं काय द्यावीत? (एक वाचक, लोंढा)

उत्तर : साठ जणांना चिप कशाला? दोन घड्याळं एकाच वेळी सुरू करा, एक वाचणारा, एक लिहिणारा, आणि दुसरी जोडी पडताळणीला. वाचलेले पैसे ठाण्यांवर खर्च करा. ज्या वाड्यांतून वाट जाते तिथल्या पोरापोरींसाठी दोन-तीन किलोमीटरची वेगळी धाव ठेवा आणि त्यांच्याकडून फी घेऊ नका. बक्षीस म्हणून चषकापेक्षा बूट द्या. मापं आधी विचारून घ्या.