प्रोजेक्ट विकत घेऊ नका, लेकीला बागेत दोन ओळी द्या

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मुलगी सांगलीत ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) इंजिनिअरिंगला आहे, आता शेवटच्या वर्षात गेली. प्रोजेक्टला तिने ‘वायरलेस अ‍ॅड हॉक नेटवर्कमधलं राउटिंग आणि सुरक्षा’ असा विषय घेतलाय. पुण्यात आयटीत असलेला भाचा म्हणतो, हा विषय वीस वर्षांपूर्वीचा, आता कोण विचारत नाही, फुल स्टॅकचा (वेबसाइट, अ‍ॅप पूर्ण बनवायचा) क्लास लाव. एके ठिकाणी २५ हजारांत रिपोर्टसकट तयार प्रोजेक्ट मिळतोय. तो घेऊन उरलेला वेळ तिने क्लासला द्यावा, असं घरात चाललंय. पोरगी ऐकत नाही. मला यातलं कळत नाही, पण नोकरीचं काय?

उत्तर : दादा, नमस्कार.

तयार प्रोजेक्ट घेऊ नका, हे आधी सांगतो. फ्रेशरच्या इंटरव्ह्यूत गाडी बहुतेक वेळा प्रोजेक्टवरच येते. ‘हा आकडा एवढाच का आला?’ असं समोरच्याने विचारलं की विकतच्या प्रोजेक्टवाल्या मुलांची बोलती बंद होते. चार वर्षं चांगले मार्क मिळवलेली मुलंही तिथे अडकतात, ते बघवत नाही.

आता विषय काय आहे ते. आपला मोबाईल टॉवरशी बोलतो, घरातला वायफाय राउटरशी. अ‍ॅड हॉक नेटवर्कमध्ये टॉवर नसतो, राउटरही नसतो. प्रत्येक यंत्र शेजारच्या यंत्राचा निरोप पुढे ढकलतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा वीज जाणं आणि फोन न लागणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. टॉवर पडला तरी माणसांचा आपसात संपर्क राहावा, याची एक वाट या विषयातून जाते.

पण निरोप कुठल्या वाटेने न्यायचा हे ठरवायचं कोणी? त्यासाठी राउटिंग प्रोटोकॉल, म्हणजे वाट ठरवायचे नियम असतात. तुमची लेक बहुधा एओडीव्ही नावाच्या प्रोटोकॉलपासून सुरुवात करेल. त्याचा दस्तऐवज आरएफसी ३५६१ हा जुलै २००३ चा, म्हणजे भाच्याचा वीस वर्षांचा हिशोब बरोबर आहे. यात यंत्र ‘अमक्यापर्यंतची वाट कोणाला माहीत आहे?’ असा पुकारा करतं. ज्याला माहीत असेल ते उत्तर देतं, आणि सर्वांत ताजं उत्तर, ताजेपणा सारखा असेल तर कमी टप्प्यांचं, खरं मानलं जातं. गोम इथेच आहे. अनोळखी गावात कोणी ‘मला जवळची वाट माहीत आहे, पिशवी इकडे द्या’ म्हणावं आणि पिशवी घेऊन पसार व्हावं, तसं एखादं यंत्र खोटं उत्तर देऊन सगळे निरोप स्वतःकडे ओढतं आणि गिळून टाकतं. याला ब्लॅकहोल हल्ला म्हणतात. एओडीव्हीत सुरक्षेची खास तरतूद नाही, हे त्या आरएफसीतच लिहून ठेवलंय. तिला ते पान मुळातून वाचायला सांगा.

भाच्याचं दुसरं म्हणणंही अर्धं बरोबर आहे. नोकरीच्या जाहिरातीत ‘एओडीव्ही’ हे नाव दिसणार नाही. पण हीच विद्या आता वेगळ्या नावांनी काम करते. काही स्मार्ट मीटर सिमकार्डावर चालतात, तर काही आपसात रेडिओ मेश करून रीडिंग पुढे पाठवतात. सेन्सरच्या जाळ्यांसाठी २०१२ मध्ये आरपीएल हा प्रोटोकॉल आला. घरातल्या मेश वायफायचं किंवा सैन्याच्या रेडिओ संचांचं मूळ गणितही याच घराण्यातलं. त्यामुळे पुढे एम्बेडेड (यंत्रातल्या चिपचं प्रोग्रामिंग), आयओटी (नेटला जोडलेली यंत्रं), नेटवर्किंग आणि नेटवर्क सिक्युरिटी अशा वाटा निघतात. शिवाय पायथन आणि लिनक्सवर हात बसतो, तो सॉफ्टवेअर कंपनीतही वाया जात नाही. फुल स्टॅक वाईट नाही, पण ते ती सहा महिन्यांनीही शिकू शकेल. प्रोजेक्टचं वर्ष परत येत नाही.

आता माझा खरा आग्रह. या विषयावर ढिगाने प्रोजेक्ट होतात आणि बरेचसे एकाच साच्यातले असतात: संगणकात खोटी यंत्रं मांडायची, त्यात एक चोर घालायचा, चोर सापडला म्हणायचं. तिनेही सुरुवात तिथूनच करावी. एनएस-३ हे सिम्युलेटर फुकट मिळतं आणि त्यात एओडीव्ही तयार आहे. पंचवीस-तीस नोड, म्हणजे यंत्रं मांडावीत, चोर नसताना किती पॅकेट (निरोपाचे तुकडे) पोचतात आणि चोर घातल्यावर किती, हे मोजावं. पण तिथे थांबू नये, कारण तिच्याकडे एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये सहसा नसते. ती म्हणजे तुमची बाग.

ईएसपी३२ नावाचे छोटे बोर्ड पाचशे रुपयांच्या आसपास मिळतात. ईएसपी-नाऊ या सोयीमुळे ते राउटरशिवाय एकमेकांशी बोलतात. असे सहा-सात बोर्ड पाणी शिरणार नाही अशा डबीत घालून तिला मांडवाच्या अँगलला बांधू द्या. पुकारा करून वाट शोधायचं साधं लॉजिक तिने स्वतः लिहावं. मग ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर, वेल उघडा असताना एकदा मोजावं आणि पानांची कॅनॉपी भरली की पुन्हा मोजावं. हे बोर्ड २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि पानांतलं पाणी त्या लहरी शोषून घेतं. मांडवाच्या तारांचाही परिणाम होतो. फवारणी किंवा पावसानंतर पॅकेट आणखी गळतील.

आता खरा प्रश्न उभा राहतो. चोर ओळखायची एक जुनी पद्धत आहे, वॉचडॉग नावाची, २००० सालच्या एका शोधनिबंधातली. शेजारचं यंत्र निरोप पुढे देतंय की नाही यावर कान ठेवायचा, सारखा गळत असेल तर त्याला चोर ठरवायचं. पण बागेत पॅकेट गळलं तर ते चोराने गिळलं की ओल्या पानाने? ओल्या पानाला चोर ठरवलं तर चांगलं यंत्र जाळ्याबाहेर जातं आणि नसतं नुकसान होतं. हा फरक तिने थोडा जरी आकड्यांनिशी दाखवला, तरी तो प्रोजेक्ट तिचा स्वतःचा होईल. किती वेळा खोटा आळ आला, तेही रिपोर्टात लिहावं. अनेक मुलं तो आकडा लपवतात, आणि जाणकार परीक्षक नेमका तोच शोधतो.

एक सक्त सूचना : हल्ल्याचे प्रयोग फक्त स्वतःच्या बोर्डांवर. कॉलेजच्या किंवा शेजाऱ्याच्या वायफायवर परवानगीशिवाय काही केलं तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० लागतो. सिग्नल जाम करायच्या वाटेलाही जाऊ नये.

पुढचं शिक्षण आणि नोकरी. गेट (इंजिनिअरिंगनंतरची परीक्षा) द्यायची असेल तर एवढं लक्षात असू द्या की राउटिंग हा भाग सीएसच्या (कॉम्प्युटर सायन्स) पेपरात आहे, ईसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-कम्युनिकेशन) पेपरात नाही. तिचा अभ्यास ईसीचा आहे, तेव्हा पेपर ईसीचाच ठेवावा आणि प्रोजेक्टमुळे गेटची तयारी आपोआप होईल असं समजू नये. संरक्षण संशोधनाची सरकारी संस्था डीआरडीओ ‘सायंटिस्ट बी’च्या भरतीत गेटचा स्कोअर बघते, भारत इलेक्ट्रॉनिक्सचीही भरती निघते, दोन्हींवर लक्ष ठेवा. सिक्युरिटीकडे जायचं असेल तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा आयटी इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टिम्स आणि सिक्युरिटीचा डिप्लोमा आहे, त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा असते. ‘तीन महिन्यांत एथिकल हॅकर’ म्हणणाऱ्या क्लासला मात्र लाखभर रुपये देऊ नका. नेटवर्किंगचा पाया कच्चा असताना त्या सर्टिफिकेटचा उपयोग होत नाही.

त्या २५ हजारांपैकी बोर्ड, बॅटऱ्या आणि डब्या यांना सहा-सात हजार पुरावेत. बाकीचे राहू द्या, गेटचा किंवा सी-कॅटचा फॉर्म भरायला लागतील. तिला म्हणावं, गाईड सरांना याच आठवड्यात भेट आणि सिनॉप्सिसमध्ये (प्रोजेक्टच्या आराखड्यात) ‘बागेतलं मोजमाप’ हे शब्द घालून घे. नंतर विषयात बदल करायला कॉलेज सहसा तयार होत नाही. आणि दादा, बोर्ड बांधलेल्या दोन ओळी कोणत्या, ते फवारणीच्या गड्यांना आधीच दाखवून ठेवा.