शंभरपर्यंत म्हणते, पण मोजते का?

मुलगी चौथ्या वर्षीच शंभरपर्यंत घडाघडा म्हणते, छानच. पण तिला सात चिंचोके मोजून द्यायला सांगा. एकेकाला बोट लावत सातवर थांबली, तर खरं मोजता येतंय. माझा लेक थांबायचाच नाही, डबा रिकामा होईपर्यंत मोजायचा! मग पानं घ्यायचं काम त्याच्याकडे दिलं: माणसं पाच, ताटं तीन, अजून किती हवीत? महिनाभरात फरक दिसला.

‘एकोणतीस’ला अडखळली तर रागावू नका. कानाला तीस ऐकू येतं आणि लिहायचं २९! २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस नऊ’ असंही वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. घरात खुशाल दोन्ही म्हणा. पाढे इतक्यात नकोतच.