कोकण किनाऱ्यावर मोटरहोम लावून रात्री झोपणं कायदेशीर आहे का?

तुम्ही विचारलंय की भाड्याची मोटरहोम घेऊन अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत जायचं, हॉटेल घ्यायचं नाही, रोज रात्री समुद्राकडेला गाडी लावून झोपायचं, तर हे चालतं का, की पोलीस उठवतात?

मी गुहागर तालुक्यातला. मित्राच्या कॅम्पर केलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरमधून दोन उन्हाळे हाच उद्योग केलाय, म्हणून लिहितो. गाडीत झोपणं हा गुन्हा नाही. प्रश्न येतो तो गाडी कुणाच्या जागेत उभी आहे याचा.

रस्त्याचं सोपं आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 122 प्रमाणे धोका, अडथळा किंवा विनाकारण त्रास होईल अशी गाडी सार्वजनिक जागी उभी करता येत नाही. कलम 127 मध्ये दहा तासांची गोष्ट आहे, पण ती बेवारस किंवा माणूस जवळ नसलेल्या गाडीसाठी. तुम्ही आत झोपला असाल तर ती लागू नाही. मात्र जिथे पार्किंगलाच बंदी आहे तिथून गाडी कधीही उचलता येते. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट पांढरी नाही ना, एवढं निघण्यापूर्वी बघा. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देता येत नाही, आणि नाक्यावर अडकलात तर सहल तिथेच संपेल.

खरी गंमत जमिनीची. घाटावरच्या माणसाला आमचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, दिसला की वाटतं, हे तर कुणाचंच नाही! अहो, त्या कातळाच्या गुंठ्यागुंठ्याला सातबारा आहे, एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, आणि त्यातली निम्मी माणसं मुंबईत. परवानगी घ्यायची तरी कुणाची? किनाऱ्यावर भरतीच्या रेषेखालची जमीन सरकारची, आणि वरचं सुरूचं बन बऱ्याच ठिकाणी वनखात्याचं किंवा सामाजिक वनीकरणाचं.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी उतरवूच नका. कितीतरी किनाऱ्यांवर तशा बंदीचे फलक आहेत, गुन्हेही दाखल होतात. शिवाय तीन-साडेतीन टनांचं धूड ओल्या वाळूत रुतलं आणि त्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असलं, तर जेसीबी येईपर्यंत पाणी दारात. वेळास-आंजर्ल्याकडे आणखी एक कारण आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी आणि पिल्लं असतात. पिल्लं उजेडाकडे वळतात, म्हणजे तुमच्या हेडलाइटने ती समुद्राऐवजी गावाकडे चालू लागतील. वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मधला, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेला प्राणी आहे तो, तिथे 'माहीत नव्हतं' चालत नाही.

आता आमची फजिती. एप्रिल महिना, चांदणं छान, सड्यावर कलमांच्या बागेपासून थोडं अंतर ठेवून गाडी लावली. रात्री दोनला काचेवर काठी वाजली. बाहेर चार बॅटऱ्या. "कुटनं आलाव? हितं कशाला थांबलाव?" हापूसच्या हंगामात रात्री बागेजवळ बंद गाडी म्हणजे आंबे चोरायला आलेली, हा त्यांचा हिशोब, आणि तो चुकीचाही म्हणता येणार नाही. गाडीत आंब्याचं एक पान नव्हतं तरी पटवता पटवता अर्धा तास गेला. शेवटी माझ्या आजीचं माहेर निघालं त्यांच्या शेजारच्या वाडीतलं, तेव्हा कुठे काठ्या खाली आल्या. तुम्हाला ती सोय नाही.

पोलिसांचंही तसंच. 1993 साली आरडीएक्स उतरलं ते श्रीवर्धनजवळ शेखाडीला. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरला रायफलींसकट बेवारस नौका सापडली. अशा किनाऱ्यावर अंधारात अनोळखी गाडी दिसली तर ते चौकशी करणारच. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), भाड्याचा करार, सगळ्यांची ओळखपत्रं वरच्या खणात ठेवा आणि हुज्जत घालू नका.

मग झोपायचं कुठे? राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कची, म्हणजे अशा गाड्या मुक्कामाला लावायच्या जागांची, कल्पना आहे. धोरण चांगलं आहे, पण त्या भरवशावर गावोगावी पार्क शोधत फिरू नका. एमटीडीसीची (राज्याच्या पर्यटन महामंडळाची) निवासं हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, कुणकेश्वर, तारकर्ली अशी ओळीने आहेत. फोन करून आवारात गाडी लावू देतील का ते विचारा. माझ्या मते त्याहून बरी घरगुती खानावळ. दिवस मावळायच्या आत पोचा, रात्रीच्या जेवणाची ऑर्डर द्या आणि मग म्हणा, "काकू, रात्री गाडी अंगणात राहिली तर चालेल का?" मला अजून कुणी नाही म्हटलेलं नाही. सकाळी न्हाणीघर वापरल्याचे पैसे न मागता द्या. टाकीतलं घाण पाणी मात्र तिथल्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडू नका, खाली कुणाची तरी विहीर असते.

वाडीत शिरण्याआधी एकाने उतरून पायी रस्ता बघून या. दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे (दगडी कुंपणं), वर विजेच्या तारा आणि माडाची झावळं. तुमची गाडी आमच्या एसटीपेक्षा अरुंद असली तरी मागे घ्यायला जागा नसते. आणि दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीची शेवटची फेरी चुकली तर जेट्टीच्या उतारावर गाडी लावून झोपू नका. पहाटे बर्फाचे टेम्पो येतात, आणि त्यांचे ड्रायव्हर काठीने नाही, हॉर्नने उठवतात.