एकाच प्रॉडक्टसाठी एक रेपो ठेवावा की प्रत्येक सर्व्हिसचा वेगळा?

बारा जणांची टीम, सात सर्व्हिसेस (म्हणजे प्रॉडक्टचे स्वतंत्र चालणारे भाग), प्रॉडक्ट एकच असं तुम्ही लिहिलंय. मग रेपो, म्हणजे कोड आणि त्याची हिस्ट्री ठेवायची जागा, एकच ठेवा. वेगळ्या रेपोंमुळे टीम स्वतंत्र होतात असं जे सांगतात त्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हिंजवडीतल्या एका कंपनीत मी बिलिंगवर होतो. आर्किटेक्ट सरांचा हट्ट असा की प्रत्येक सर्व्हिसचा रेपो वेगळा, आणि सगळ्यांना लागणारा कोड कॉमन लायब्ररीत, तिचाही रेपो वेगळा. जीएसटी राउंड करायचं फंक्शन त्या लायब्ररीत होतं. ते बिलातल्या प्रत्येक आयटमला राउंड करायचं, अकाउंट्सला हवं होतं एकूण टॅक्सवर. फिक्स दोन ओळींचा. पण मग लायब्ररीचं नवं व्हर्जन काढा, पब्लिश करा, एकेका रेपोत जाऊन व्हर्जन वाढवा, दरवेळी वेगळा पीआर (बदल तपासून आत घ्या अशी विनंती), वेगळा रिव्ह्यूअर, टेस्ट आपोआप चालवणारी वेगळी पाइपलाइन, आणि त्यातली एक आधीपासूनच लाल, म्हणजे फेल. रिफंडवाली टीम दुसऱ्या रिलीजमध्ये अडकलेली, त्यांचा पीआर पडून राहिला. म्हणजे बिल नव्या हिशोबाने आणि रिफंड जुन्या! फरक जेमतेम काही पैशांचा, पण महिनाअखेरीला लेजर जुळेना आणि अकाउंट्सच्या मॅडम रोज आमच्या डेस्कपाशी.

मीटिंगमध्ये सर म्हणाले, "टीममध्ये डिसिप्लिन नाही." मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. रिफंडची पोरं रात्री जागून काम करत होती हो. जुनं व्हर्जन कुणाला न कळता चालू राहू शकतं, अशी रचनाच, सर, तुम्ही केलीत आणि खापर पोरांवर फोडलंत. एका रेपोत कॉमन कोडला वेगळं व्हर्जन नसतंच. फंक्शन बदललं की त्याच पीआरमध्ये रिफंडच्या टेस्ट फेल होतात आणि त्या निस्तरल्याशिवाय बदल मर्ज होत नाही, म्हणजे मुख्य कोडमध्ये जात नाही.

सरांचा दुसरा मुद्दा, मोठा रेपो गिटला, म्हणजे कोडची हिस्ट्री सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, झेपत नाही. अहो, विंडोजचा रेपो सुमारे ३०० जीबीचा, ३५ लाख फाइल्स, तो गिटवर आणायला मायक्रोसॉफ्टने खास व्हर्च्युअल फाइल सिस्टीम लिहिली, २०१७ मध्ये जाहीरही केली. आपलं काय तेवढं आहे? आणि २०२० च्या गिट २.२५ पासून स्पार्स-चेकआउटची कमांडही आहे, हवे तेवढेच फोल्डर घ्या. गूगलही बहुतेक कोड एकाच रेपोत ठेवतं, हे उदाहरण मात्र देऊ नका, त्यांचा तो अवाढव्य रेपो गिटवर नाही, पायपर नावाच्या त्यांच्या स्वतःच्या सिस्टीमवर आहे, आणि अँड्रॉइड, क्रोम त्यांनीही बाहेर गिटमध्येच ठेवलेत.

आता हे आधी सांगायला हवं होतं, पण रेपो एक म्हणजे डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चालू करणं) एक नव्हे. डिप्लॉय होताना जुनी-नवी सर्व्हिस थोडा वेळ शेजारी चालणारच, त्यामुळे एपीआय, म्हणजे सर्व्हिसेसनी एकमेकींशी बोलायची ठरलेली पद्धत, बदलताना जुन्याला सांभाळून घ्यावंच लागतं. सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारी व्यवस्था) असं लावा की बदललेला फोल्डर आणि त्यावर अवलंबून असलेलं तेवढंच बिल्ड होईल, नाहीतर टीम कंटाळेल. आणि बाहेरच्या व्हेंडरला कोड द्यायचा असेल तर तेवढा भाग वेगळ्या रेपोतच ठेवा, गिटमध्ये फोल्डरनुसार वाचायची परवानगी अडवता येत नाही.

"उद्या एखादी सर्व्हिस दुसऱ्या टीमला द्यायची झाली तर?" असं तुमचे सीनियर विचारतीलच, आमचे दर मीटिंगला विचारायचे. फिल्टर-रेपो नावाचं टूल आहे, एक फोल्डर त्याच्या हिस्ट्रीसकट बाहेर काढून देतं. द्यायची वेळ येईल तेव्हा काढा, आजच कशाला तोडताय.