उडालेला बर्फ ‘उडून जातो’ तेव्हा

प्रश्न नाशिकच्याच एका अनुवादक ताईंचा आहे. अंटार्क्टिकावरच्या माहितीपटाचं निवेदन त्या मराठीत आणत आहेत. वाऱ्याने उधळलेला बर्फ जमिनीलगतच, मध्ये पाणी न होता, वाफ होऊन नाहीसा होतो, असं त्यात एक वाक्य आहे. ताईंनी ‘ऊर्ध्वपातन’ लिहिलं, संपादकांनी ते खोडून ‘बाष्पीभवन’ केलं. खरं कोणाचं?

ताई, दोघांचंही नाही.

‘ऊर्ध्वपातन’ तुमच्याकडे हिंदीतून आलं असणार. स्थायू पदार्थ थेट वायू झाला की हिंदी पुस्तकं त्याला ऊर्ध्वपातन म्हणतात. आपल्या शाळेत मात्र ऊर्ध्वपातन म्हणजे द्रव उकळायचा, त्याची वाफ थंड करायची आणि शुद्ध द्रव गोळा करायचा. त्याला हिंदीत ‘आसवन’. अक्षर न् अक्षर सारखा शब्द, पण टेबलावरची मांडामांड वेगळी. शब्द जुना आहे, रसशास्त्रातला, म्हणजे पारा आणि धातूंपासून औषधं करण्याच्या जुन्या विद्येतला. दोन मडकी तोंडाला तोंड लावून बसवायची, खालच्यात पारा तापवायचा आणि वरच्याच्या आतून तो धरायचा. या जोडीला डमरू यंत्र म्हणत. पारा द्रवच, तेव्हा मुळाशी आपण जास्त प्रामाणिक राहिलो असं मला वाटतं. हिंदीवाले मानणार नाहीत.

‘बाष्पीभवन’ म्हणजे द्रवाचा वायू. तो शब्द वाचला की वाचकाच्या मनात आधी बर्फाचं पाणी होतं, आणि इथे तेच तर होत नाही.

पाठ्यपुस्तकातला शब्द आहे ‘संप्लवन’. तोच लिहा. माझा या शब्दावर बरीच वर्षं राग होता, कारण संस्कृतात संप्लव म्हणजे पूर. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं ‘सर्वतः संप्लुतोदके’ आठवा, चहूकडे पाणीच पाणी. जिथे पाण्याचा थेंबही दिसत नाही त्या क्रियेला पुराचं नाव! मग लक्षात आलं की ‘प्लु’ म्हणजे तरंगणं तसंच उडी मारणंही. प्लवग म्हणजे माकड. व्याकरणात मधली सूत्रं ओलांडून पुढे जाण्याला मंडूकप्लुती म्हणतात, बेडूकउडी. बर्फही द्रवाची पायरी अशीच ओलांडतो. हा अर्थ मी माझ्या समाधानासाठी लावला आहे, व्युत्पत्ती म्हणून कुणाला सांगू नका.

पण निवेदनात नुसतं ‘संप्लवन होतं’ म्हटलं तर ऐकणारा तिथेच अडखळेल. घरात आपण काय म्हणतो? कापूर उडाला. डांबरगोळ्या उडून गेल्या. गोदाघाटावर आरतीला नेण्याच्या कापराच्या डबीत दोन मिरे टाकतात ते तो उडू नये म्हणून. म्हणजे संप्लवनाला मराठी क्रियापद आधीपासून आहे: उडणे. पंचाईत अशी की तुमच्या वाक्यात बर्फ आधी वाऱ्याने उडतो आणि मग वाफ होऊन उडतो. ‘उडालेला बर्फ उडून जातो’ हे व्याकरणाने चुकीचं नाही, पण ऐकायला गंमतच.

म्हणून क्रियापदं वाटून द्यावीत, आणि त्यासाठी तिथे नेमकं काय घडतं ते बघायला हवं. पडून असलेल्या बर्फाची वरची बाजूच हवेला लागते. तोच कण वाऱ्याने उचलला की त्याला सगळीकडून कोरडी हवा भिडते, आणि त्याच्याभोवती जमलेलं बाष्प वारा लगेच हटवतो. म्हणून उडता कण पडलेल्या कणापेक्षा लवकर झिजतो. बहुतेक कण जमिनीपासून काही सेंटीमीटरांतच उड्या मारत पुढे सरकतात, हलके तेवढे वर तरंगतात. एक किलो बर्फाचं थेट बाष्प व्हायला सुमारे २,८३४ किलोज्यूल उष्णता लागते, नुसता वितळायला ३३४ पुरते. ही उष्णता बरीचशी भोवतालच्या हवेतूनच घेतली जाते. त्यामुळे जमिनीलगतची हवा गार आणि दमट होत जाते आणि क्रिया स्वतःच स्वतःला आवर घालते. वरून कोरडी हवा मिसळत राहिली तरच ती चालू राहते. अंटार्क्टिकात पठारावरून उताराने खाली येणारे वारे दाबाने तापतात, तापले की तुलनेने कोरडे होतात, आणि हे काम चालू ठेवतात.

म्हणून वाऱ्याच्या कामाला ‘उधळणे’ आणि नाहीसं होण्याला ‘विरणे’. ढग विरतात, धुकं विरतं, त्याला पाणी व्हावं लागत नाही. ‘विरघळतो’ नको, ‘वितळतो’ तर नकोच. ‘वाऱ्याने उधळलेला बर्फ जमिनीलगतच वाफ होऊन हवेत विरून जातो’, आणि पुढच्या वाक्यात एकदाच ‘संप्लवन’.

राहिली ‘वाफ’. उणे वीस अंशांत वाफ कसली, असं संपादक म्हणतील, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे इडलीचं भांडं येणार. पण वाफ आणि बाष्प एकच घराणं, बाष्पाचंच घासून वाफ झालं. शिवाय निफाड-दिंडोरीकडचा शेतकरी पाऊस उघडल्यावर ‘वाफसा आला’ म्हणतो, म्हणजे माती पेरणी-मशागतीजोगी झाली, तेव्हा त्याच्या रानाखाली कुणी चूल पेटवलेली नसते. तरीही वाद नको असेल तर त्या एका ठिकाणी ‘बाष्प’ करा, माझी हरकत नाही. ‘विरून जातो’ मात्र सोडू नका.