सिकलसेलसह स्वतःला स्वीकारताना
सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा अहवाल आल्यापासून, धानाच्या रोवणीच्या दिवसांत घरचे सारे बांधीत उतरले असताना आपण खाटेवर पडून आहोत, याचा तू स्वतःला दोष देतोस, हे तुझ्या पत्रात वाचून मला माझी विशी आठवली. कोणी आळशी म्हणू नये म्हणून मीही दिवसभर चिखलात वाकून परे लावले होते आणि पुढचे आठ दिवस हाडांच्या ठणक्याने तळमळत काढले होते.

निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. आपल्या, म्हणजे सिकलसेल असलेल्यांच्या, मात्र १० ते २० दिवसांतच फुटतात, आणि विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की कळा सुरू होतात. तुझा थकवा तिथून येतो, तुझ्या स्वभावातून नव्हे. आईवडिलांनाही बोल लावू नकोस. आजार त्यांच्याकडून आला असला, तरी आपण वाहक, म्हणजे स्वतःला त्रास नसताना हा दोष मुलांना देऊ शकणारे, आहोत हे त्यांना बहुधा ठाऊकच नसते.

स्वीकार म्हणजे हार, असे मला फार वर्षे वाटत होते. माझ्या बाबतीत तो लहान गोष्टींतून आला: शेतावर जाताना भरपूर पाणी सोबत ठेवणे, थंडीत अंग झाकणे, डॉक्टरांनी दिलेली, कळा कमी करणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी न चुकवणे आणि "आज मला जमणार नाही" असे घरी स्पष्ट सांगणे. हे शेवटचे सर्वांत कठीण गेले. ताप आला, छातीत दुखले किंवा धाप लागली, तर मात्र सहन करत न बसता लगेच दवाखाना गाठ.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करताना संकोच करू नकोस.