विज्ञान संग्रहालयातील अल्प मुदतीची इंटर्नशिप : वाचकांचे प्रश्न

परीक्षा संपण्याच्या सुमारास इंटर्नशिपविषयीची पत्रे दर वर्षीच येतात. या वेळी त्यांतील चार पत्रे विज्ञान संग्रहालयांबद्दलची असल्याने ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. ‘ऑन जॉब ट्रेनिंग’साठी माझ्या बहुतेक वर्गमैत्रिणींनी महाविद्यालयांची ग्रंथालये निवडली आहेत, मला मात्र एखाद्या विज्ञान संग्रहालयात काम करावेसे वाटते. आमच्या सरांचे म्हणणे असे, की तिथे पुस्तके थोडी आणि वाचक त्याहून थोडे, मग शिकणार काय? (सांगली)

उत्तर : सरांचे निरीक्षण बऱ्याच अंशी खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा वाटतो. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमसारखे दहा लाखांच्या घरात ग्रंथसंपदा असलेले संग्रहालय हा अपवाद आहे. आपल्याकडील विज्ञान केंद्रे, म्हणजे वरळीचे १९८५ साली उद्घाटन झालेले नेहरू विज्ञान केंद्र, नागपूरचे १९९२चे रमण विज्ञान केंद्र किंवा मिरामारचे २००१चे गोवा विज्ञान केंद्र, ही हात लावून, कळ दाबून, चाक फिरवून पाहण्याच्या प्रदर्शितांसाठी उभी राहिली, ग्रंथसंग्रहासाठी नव्हे. त्यामुळे देवघेव, साठा पडताळणी आणि वाचकसेवा यांचाच सराव हवा असेल, तर वर्गमैत्रिणींची निवड योग्य आहे.

परंतु अशा संस्थेचे खरे वाङ्मय कपाटातील पुस्तकांत नसते. प्रत्येक प्रदर्शितामागे आराखडे, विद्युतमंडलाच्या आकृत्या, फलकावरील मजकुराचे मसुदे, खरेदीची कागदपत्रे आणि देखभालीच्या नोंदी असतात. यांतील काही कार्यशाळेत, काही भांडारात, काही कोणाच्या तरी संगणकात आणि काही केवळ एखाद्या ज्येष्ठ तंत्रज्ञाच्या स्मरणात असतात. तो तंत्रज्ञ निवृत्त झाला, की प्रदर्शित पहिल्यांदा बंद पडेपर्यंत कोणाला काही जाणवत नाही. बंद पडल्यावर मात्र सगळ्यांनाच जाणवते.

उदाहरणादाखल हवेच्या झोतावर तरंगणाऱ्या चेंडूचे प्रदर्शित घ्या. फलकावर त्याचे नाव ‘बर्नोलीचे तत्त्व’ असू शकते, दाखल नोंदवहीत ‘एअर जेट’ आणि कार्यशाळेत बोलताना ‘ब्लोअरचा चेंडू’. तिन्ही नावे एकाच वस्तूची आहेत हे तंत्रज्ञाला ठाऊक असते, शोधयंत्राला नसते. यांपैकी एक नाव प्रमाण ठरवून उरलेल्या दोहोंवरून ‘पाहा’ असा निर्देश देणे, त्या नोंदीला ब्लोअरची क्षमता, मोटारीची बेअरिंग शेवटची केव्हा बदलली ती तारीख, आराखड्याचा क्रमांक आणि विषयावरील दोन-तीन पुस्तके जोडणे, हे शंभर टक्के ग्रंथालयशास्त्राचे काम आहे. ड्युई दशांश वर्गीकरणातील ५०० (विज्ञान) आणि ६०० (तंत्रज्ञान) हे वर्ग इथे फार साथ देत नाहीत, कारण एकच वस्तू विज्ञानाचे तत्त्व म्हणूनही शोधली जाते आणि दुरुस्तीचे यंत्र म्हणूनही. एकाच वस्तूकडे अनेक पैलूंनी पाहण्याची ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या द्विबिंदू वर्गीकरणामागची दृष्टी परीक्षेपुरती वाचली असेल, तर तिचा उपयोग इथे प्रत्यक्ष पाहायला मिळेल.

वर्णनासाठी डब्लिन कोअर या नोंद-मानकाचे (शीर्षक, निर्माता, तारीख असे) १५ घटक सुरुवातीला पुरेसे होतात. पुस्तकांसाठी कोहा किंवा ई-ग्रंथालय ही प्रणाली वापरात असेल, तर ती शिकून घ्याच. मात्र वस्तूंच्या नोंदी पुस्तकांच्या प्रणालीत कोंबू नका. संग्रहालयांतील वस्तूंच्या अंकीय नोंदींसाठी पुण्याच्या सी-डॅकने ‘जतन’ ही प्रणाली विकसित केली आहे आणि देशातील अनेक संग्रहालयांच्या संग्रहांच्या नोंदी तिच्यावर झाल्या आहेत. तिची रचना समजून घेतली, तरी पुस्तकाची नोंद आणि वस्तूची नोंद यांतील फरक स्पष्ट होतो.

आता वेळेचा हिशेब. चार श्रेयांकांच्या प्रशिक्षणाला, एका श्रेयांकास ३० तास या दराने, १२० तास मिळतात. त्यांतील पहिले वीस तास माणसे आणि जागा समजण्यात जातील, शेवटचे वीस अहवालात. उरलेल्या ८० तासांत एका प्रदर्शितामागे अडीच-तीन तास धरले, तर फार तर तीसेक नोंदी नीट पूर्ण होतात. म्हणून ‘ग्रंथालयाचे संगणकीकरण’ असा भव्य विषय मागू नका. एका दालनातील प्रदर्शिते मागा आणि ती पूर्ण करा. अर्धवट राहिलेल्या पाचशे नोंदींपेक्षा तपासून झालेल्या तीस नोंदी पुढे येणाऱ्याला अधिक उपयोगी पडतात.

प्रश्न : माझा मुलगा इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला आहे. गेल्या सुट्टीत तो एका विज्ञान संग्रहालयात चार आठवडे इंटर्न होता. निम्मे दिवस त्याला प्रवेशद्वाराशी अभ्यागत मोजायला बसवले आणि उरलेल्या दिवसांत कोणती प्रदर्शिते बंद आहेत याची यादी करायला सांगितले. तो नाराज होऊन परतला. यंदा पुन्हा जावे का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपल्या तक्रारीचा पहिला भाग पूर्ण रास्त आहे. दारावर माणसे मोजणे हे शिक्षण नव्हे; मनुष्यबळ अपुरे पडते म्हणून विद्यार्थ्याला तिथे बसवणे ही संस्थेची सोय झाली. दुसऱ्या भागाबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. बंद प्रदर्शितांची यादी हे हलके काम नाही. ती यादी कारणांपर्यंत गेली नसेल, तर दोष यादी सोपवून मोकळ्या झालेल्या मार्गदर्शकाचा आहे.

शाळांच्या सहली येतात तेव्हा एकेक कळ दिवसात शेकडो वेळा, आणि बहुधा मुठीने, दाबली जाते. कळीच्या आतील संपर्कपट्ट्या झिजतात, रिले चिकटतात, ब्लोअरच्या जाळीत धूळ बसते, कळीला सोल्डर केलेली वायर हिसक्यांनी सुटते. ‘दिवा लागत नाही’ या एकाच तक्रारीमागे यांतील काहीही असू शकते. मल्टीमीटरने कंटिन्युइटी, म्हणजे जोडणी अखंड आहे का ते, पाहून बिघाड नेमका कुठे आहे हे ठरवायचे, कोणता भाग बदलला ते लिहायचे आणि तोच भाग पुन्हा केव्हा गेला ते पाहायचे, असे महिनाभर केले, तर कोणत्या कळी बदलायला हव्यात हे कागदावरच दिसू लागते. कळ एकदा दाबली, तरी संपर्क थरथरल्याने नियंत्रक ती तीन-चारदा मोजतो, हा ‘डीबाउन्स’चा धडा पुस्तकात अर्ध्या पानात संपतो, प्रदर्शित मधूनच पुन्हा सुरू होऊ लागले, की तो कायमचा लक्षात राहतो. साध्या मायक्रोकंट्रोलरने कळ किती वेळा दाबली गेली हे मोजणारी जोडणी चार आठवड्यांत होण्यासारखी आहे. २३० व्होल्टच्या बाजूला मात्र तंत्रज्ञ शेजारी असल्याशिवाय हात लावायचा नाही, ही अट त्याने स्वतःहून पाळावी.

सॅन फ्रान्सिस्कोत फ्रँक ओपेनहाइमर यांनी १९६९ साली एक्स्प्लोरेटोरियम सुरू केले, तेव्हा कार्यशाळा अभ्यागतांना दिसेल अशी ठेवली आणि पुढे प्रदर्शिते कशी बांधावीत याच्या कृती ‘कुकबुक’ या नावाने प्रसिद्ध केल्या. इतर संग्रहालयांना त्या पाहून प्रदर्शिते उभारता यावीत, हा त्यामागचा हेतू होता. दुरुस्ती करणाऱ्यानेच कृती लिहून ठेवण्याची ही रीत आपल्या मुलाने उचलावी. वरच्या पत्रातील विद्यार्थिनीला हव्या असलेल्या देखभालीच्या नोंदी याच आहेत. तंत्रज्ञान विभाग आणि ग्रंथालय यांच्या इंटर्नना दोन वेगळ्या मजल्यांवर बसवण्याऐवजी एका टेबलाशी बसवले, तर दोघांचेही भले होईल, असे मला वाटते.

तेव्हा जायला हरकत नाही. मात्र या वेळी रुजू होण्यापूर्वी मार्गदर्शक कोण, काम कोणते आणि शेवटी हाती काय द्यायचे, हे एका पानावर लिहून घ्यावे. तेवढे लिहून देण्यास कोणी टाळाटाळ केली, तर दुसरी संस्था पाहावी.

प्रश्न : मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी आहे. एका संग्रहालयाच्या जुन्या मराठी फलकांचा मजकूर आणि पुस्तिका शोधता येतील अशा स्वरूपात आणण्याचे काम मला मिळाले आहे. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलला, तरी काही शब्द शोधात सापडत नाहीत. तसेच ग्रंथालयातील जुनी पुस्तके स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवता येतील का? (डोंबिवली)

उत्तर : ‘दुसऱ्या’, ‘ताऱ्यांचे’, ‘वाऱ्याचा’ असे शब्द प्रथम तपासा. विज्ञानाच्या मजकुरात तारे आणि वारे यांना तोटा नाही. हा अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो : एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापुढे हलन्त देऊन, एकदा साध्या ‘र’पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधयंत्राला ते निराळे वाटतात, आणि युनिकोडच्या नेहमीच्या प्रमाणीकरणाने हा भेद जात नाही. ‘ॲ’चेही तसेच : एक स्वतंत्र अक्षर, एक ‘अ’वर चंद्र. त्यामुळे ‘ॲसिड’ एका फलकावर सापडते, दुसऱ्यावर नाही. यांतील एक रूप ठरवा, सर्व मजकूर त्या रूपात आणा आणि शोधाच्या चौकटीत टंकलेल्या शब्दावरही तोच संस्कार करा. हा नियम लिहून ठेवला नाही, तर पुढच्या वर्षीचा इंटर्न दुसरे रूप आणील.

स्कॅनची मूळ प्रत टिफ स्वरूपात वेगळी ठेवा, वाचनासाठी पीडीएफ करा. अक्षरओळखीसाठी टेसरॅक्ट ही संगणक प्रणाली मराठी वाचते; तरीही जोडाक्षरे आणि सूत्रे माणसाने तपासावीच लागतात.

पुस्तकांबाबत सावध राहा. ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल, तर जतनासाठी तिची अंकीय प्रत करून ठेवण्याची मुभा विनानफा सार्वजनिक ग्रंथालयांना प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२मध्ये २०१२च्या दुरुस्तीने मिळाली. ही मुभा साठवण्याची आहे, संकेतस्थळावर सर्वांना खुली करण्याची नव्हे. लेखकाच्या हयातीत प्रकाशित पुस्तकावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. संग्रहालयाच्या स्वतःच्या पुस्तिका ही सर्वांत सोयीची सुरुवात; त्यांतील चित्रे बाहेरच्या चित्रकाराची असतील, तर करार मात्र पाहून घ्या.

प्रश्न : विद्यावेतन मिळत नसेल तर जावे का, आणि प्रमाणपत्राला कितपत किंमत असते? (रत्नागिरी)

उत्तर : विद्यावेतन न मिळणे ही आपल्याकडे सामान्य गोष्ट आहे. त्यामुळे मुंबईत महिनाभर राहण्याचा खर्च आधी मांडा आणि तो झेपत नसेल, तर घराजवळच्या संस्थेचा विचार करा. उलट विद्यार्थ्याकडूनच शुल्क मागितले जात असेल, तर ते कशासाठी हे लेखी विचारा; समाधानकारक उत्तर आले नाही, तर जाऊ नका. प्रमाणपत्रात ‘समाधानकारक काम केले’ एवढेच वाक्य असेल, तर त्याचा फारसा उपयोग नाही. तारखा, एकूण तास, केलेल्या कामाचे नाव आणि वापरलेल्या प्रणाली त्यात याव्यात, अशी विनंती अखेरच्या आठवड्याची वाट न पाहता मसुद्यासह मार्गदर्शकांकडे द्या, कारण कार्यालयातून सही होऊन यायला वेळ लागतो.